जुन्या गाडीवाल्यांत बसावे कसे?

रविवारी सकाळी पुण्यातल्या एखाद्या अमृततुल्यासमोर एक चेतक, एक येझदी आणि एक फियाट शेजारी शेजारी उभ्या दिसल्या, तर जवळच्या बाकावर त्यांचे मालक असणारच. नवा जावई, शेजारचा भाडेकरू, आजोबांची स्कूटर वारशाने मिळालेला नातू, कुणावरही या बाकावर बसायची वेळ येऊ शकते. हा विषय शाळेत शिकवत नाहीत. म्हणून प्रस्तुत मार्गदर्शिका.

प्रथम आसनग्रहण. नवख्याने बाकाच्या टोकाला बसावे. मधली जागा फियाटवाल्या काकांची असून ते आलेले नसले तरी ती त्यांचीच असते.

येथे माणसांना गाडीच्या नावाने ओळखतात. ‘फियाटच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं’ किंवा ‘येझदीची सासू महिनाभर मुक्कामाला आहे’ ही वाक्ये ऐकून दचकू नये. प्रस्तुत लेखकाला चेतक म्हणतात. लग्नपत्रिकेवरचे नाव बाकावरच्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही, आणि लेखकाची त्याबद्दल तक्रार नाही.

आता संभाषणास आरंभ. तीन प्रश्न वर्ज्य समजावेत. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा पहिला. ‘देणार आहात का?’ हा दुसरा, त्याबद्दल सविस्तर पुढे येईल. तिसरा सर्वांत घातक: ‘आता नवी आली ना हिची?’

येझदीवाल्याला हा प्रश्न विचारणाऱ्याची गय केली जात नाही. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातून 1961 पासून गाड्या निघत होत्या, 1973 पासून त्यांच्यावर येझदी हे नाव आलं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. हा शोक पाळण्यात येझदीवाल्याची बावीस वर्षं सुखात गेली. मग 2018 साली जावा परत आली, 2022 साली येझदीही आली, आणि याच्या दुःखाचा आधारच गेला. नव्या गाडीला तो ‘ती दुसरी’ म्हणतो. ‘ती दुसरी’ चांगली आहे का, असं विचारलंत तर तो उत्तर न देता तुम्हाला स्वतःच्या गाडीवर बसवतो आणि ‘गिअर टाका’ म्हणतो. तुम्ही गिअरचा लिव्हर शोधत राहता. तो किकच्याच दांड्यात असतो: किक मारून झाली की तोच पुढे दाबायचा आणि गिअर टाकायचे. हे तुम्हाला माहीत नाही, एवढंच त्याला चारचौघांत सिद्ध करायचं असतं.

चेतकवाल्याला हल्ली ‘चार्जिंग कुठे करता?’ असं विचारणारेही भेटतात. 2020 पासून त्याच नावाची बॅटरीवाली स्कूटर रस्त्यावर आल्यामुळे हा ताप. 1972 सालच्या जन्माची, टू-स्ट्रोक, निळा धूर सोडणारी, डाव्या मुठीत गिअर असलेली गाडी समोर उभी असताना! असो.

काकांच्या गाडीला ‘पद्मिनी’ म्हणू नये. ती 1968 ची आहे. तेव्हा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ती फियाट 1100 डी म्हणून बाहेर पडत असे. मग त्याच अंगाची प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. ‘पद्मिनी’ म्हटलं की ही वंशावळ पहिल्यापासून ऐकावी लागते, आणि मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर 2023 अखेर बंद झाल्या त्या दिवशी काकांनी चहा कसा अर्धा टाकला, इथपर्यंत ती येते.

व्हिंटेज नोंदणीचा विषय काकांसमोर काढायला मात्र हरकत नाही, मजा येते. 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला 20,000 रुपये भरून व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. अट अशी, की मग ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. काकांचा यावरचा प्रश्न कायम एकच आहे: ‘मग मंडईत काय घेऊन जाऊ?’

आता दुरुस्ती. आपली गाडी बंद पडल्याची हकीकत सांगताना फक्त लक्षण सांगावे, कारण सांगू नये. कारण सांगणे हा ज्येष्ठांचा अधिकार आहे. काका ‘पॉइंट’ म्हणतील. येझदी ‘कार्बोरेटर’ म्हणेल. गॅरेजवाला काहीच म्हणणार नाही, कारण तो बाराला शटर उघडल्यावर पैसे घेऊन बघणार असतो.

खरं तर जुन्या टू-स्ट्रोकचं फार गूढ नसतं. आधी पेट्रोलचा कॉक उघडा आहे का बघावं. यात लाज बाळगू नये. मग प्लग काढावा. ओला आणि काळा असेल तर पेट्रोल जास्त होतंय किंवा ऑइल हात सैल सोडून ओतलंय. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतंय. बिस्किटाच्या रंगाचा असेल तर देवाचे आभार मानावेत. मग प्लग कॅपमध्ये खोचून त्याची कड हेडला टेकवावी आणि किक मारून करंट बघावा. निळा, टणक करंट आला तर पॉइंट निर्दोष. पिवळट, मरतुकडा आला तर पॉइंट पॉलिश पेपरने साफ करावेत, आणि ते पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदलावा. तो स्वस्त असतो आणि नाना पेठेत मिळतो. मूळ कंपनीचा मिळाला तर दोन घ्यावेत. बहुतेक वेळा गाडी इथेच चालू होते. पण हे बाकावर बोलू नये. गप्पा संपतात.

इथेनॉलचा विषय स्वतःहून काढू नये. दुसऱ्या कुणी काढलाच, तर आणखी एक चहा सांगावा.

यापुढचा भाग अवघड आहे. घरची चौकशी. ती सरळ करता येत नाही. काकांना ‘मुलगा कसा आहे?’ विचारलं तर ‘बरा आहे’ एवढंच उत्तर मिळतं. काकूंबद्दल विचारलं तर तेही नाही. चौकशी गाडीतून करावी लागते. ‘काका, खंबाटकीत गाडी तापली होती ती कधी?’ असं विचारावं, की अख्खं घर बाहेर येतं. कोल्हापूरला देवीला निघाले होते, मे महिना, चढावर एसी पंपात पेट्रोलची वाफ झाली, गाडी मध्येच उभी, मागे ट्रकांची रांग. (एसी पंप म्हणजे पेट्रोल ओढणारा पंप. तो ऐकून ‘अरे वा, गाडी गारही होते?’ असं मागे एका जावयाने विचारलं होतं. तो पुन्हा आला नाही.) काकांनी पंपावर ओला कपडा बांधला, वीस मिनिटं थांबले आणि गाडी सुरू झाली. काकूंचं म्हणणं वेगळं आहे. तो कपडा नव्हता, त्यांचा नवा टॉवेल होता. पाणी मुलाच्या वॉटरबॅगमधलं होतं. आणि वीस मिनिटं नव्हे, मुलगा ट्रक मोजत बसला होता तो एकशे चाळिसापर्यंत पोचला होता.

जुन्या गाडीवाल्याच्या घरात प्रत्येकाला एकच काम असतं: टॉर्च धरणे. यात कुणी आजवर उत्तीर्ण झालेलं नाही. बॉनेटखाली वाकलेल्या माणसाला त्याचा हात आहे त्याच्या चार बोटं पुढे उजेड हवा असतो, आणि तो फक्त ‘अरे इकडे, इकडे!’ म्हणतो. त्याचे दोन्ही हात गाडीत असल्यामुळे इकडे म्हणजे कुठे, हे कळायला मार्ग नसतो. उजेड त्याच्या डोळ्यांवर पडला तर वडीलधाऱ्यांच्या तोंडी न शोभणारे शब्द ऐकावे लागतात. काकांचा मुलगा या शब्दांवर वाढला.

तो आता टोरांटोला असतो. दर शनिवारी रात्री, तिकडे सकाळ असते तेव्हा, काका डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून मोबाइल आत धरतात आणि पॉइंटचा गॅप बरोबर आहे का विचारतात. मुलगा तिकडून ओरडतो, ‘बाबा, टॉर्च इकडे, इकडे!’ काका फोन उलट्या बाजूला नेतात. तास-दीड तास हे चालतं. मध्ये नातीचे दात, तिकडची थंडी, सुनेची नवी नोकरी हे विषय होऊन जातात.

आता पॉइंट एकदा नीट बसवले की महिनोन्‌महिने बघावे लागत नाहीत. काकांनी तर उभा जन्म व्हिजिटिंग कार्ड सरकवून अंदाजाने गॅप ठेवला आहे. त्यांचे पॉइंट शनिवारीच का बिघडतात, यावर बाकावर कुणी बोलत नाही. आपणही बोलू नये.

पाळीव प्राण्यांचे नियम सोपे आहेत. येझदीच्या कुत्र्याचे कौतुक करावे. ते नाक्यावरूनच येझदीचा आवाज ओळखतं आणि शेपटी हलवत गेटपाशी येतं. ज्या दिवशी भुंकतं, त्या दिवशी टायमिंग सरकलेलं असतं, असं येझदीचं म्हणणं. गेल्या पावसाळ्यात ते भुंकलं आणि टायमिंग खरंच सरकलेलं निघालं. तेव्हापासून गॅरेजवाला आणि कुत्रा एकमेकांकडे बघत नाहीत.

फियाटच्या मांजरीबद्दल मात्र जपून बोलावे, कारण इथे तो मघाचा दुसरा प्रश्न येतो. काका प्रत्येक रविवारी ‘आता ही विकायची’ म्हणतात. यावर ‘हो, विकून टाका’ म्हणू नये आणि ‘नका हो विकू’ असंही म्हणू नये, चहा ढवळावा. मागे कोल्हापूरहून एक गिऱ्हाईक खरोखरच आलं. काकांनी त्याला गाडीचे दोष सांगितले: दुसरा गिअर निसटतो, दाराला गंज आहे, हॅण्डब्रेक नावापुरता. गिऱ्हाईक म्हणालं, चालेल. काकांनी भाव वाढवला. गिऱ्हाईक म्हणालं, चालेल. तेव्हा काकांनी शांतपणे मागचं दार उघडलं. सीटवर मांजर चार पिल्लांना घेऊन पसरली होती. ‘दीड महिना तरी हलवता येणार नाही,’ काका म्हणाले, ‘डोळे उघडायचेत.’ उंदीर वायरिंग खातात म्हणून मांजर ठेवली, अशी त्यांची अधिकृत भूमिका. ती मागच्या सीटवरच वेण काढते, त्याला ते काय करणार! पिल्लं केव्हाच मोठी झाली. मागची काच अजून चार बोटं खाली असते.

(पावसाळ्यात गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. हा नियम विनोदाचा नाही. पिल्लं उबेला इंजिनवर जाऊन झोपतात.)

शेवटी प्रस्थान. साडेदहाला कुणाच्या तरी घरून फोन येतो आणि तो उठतो. ज्याची गाडी सगळ्यांसमोर चालू व्हायची आहे त्याच्याकडे या वेळी पाहू नये. चेतक असेल तर तो ती आधी आडवी करील, पेट्रोल उतरू देईल, मग किक मारील. पहिल्या तीन किकांना सर्वांनी रस्त्याकडे बघावे. चौथ्या किकला काका उठतात. पाचव्याला येझदी डिक्कीतून पाना काढतो. अशा वेळी घरी फोन करून ‘निघालोय’ म्हणू नये. ‘पाना हातात घेतलाय’ असं सांगावं. घरचे त्या हिशेबाने कुकर लावतात.