पोटफोड्या 'ब'पासून सावधान

शिडाच्या होडीत पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाला पोहता येतं का, हे सगळे विचारतात. 'ब' आणि 'व' यांतला फरक त्याला ऐकू येतो का, हे कोणी विचारत नाही. खरं तर हाच प्रश्न आधी विचारायला हवा, कारण पोहायची वेळ बहुधा त्याचं उत्तर 'नाही' असल्यामुळेच येते. ही उणीव भरून काढण्यासाठी नवशिक्यांकरिता पुढील पाठ.

साहित्य : एक होडी, मागून येणारा वारा, एक चालू स्थितीतला कान. डोकं ज्याने त्याने आपापलं आणावं. क्लबकडून मिळत नाही.

कृती : वारा पाठीशी घेऊन होडी चालली असली की मुख्य शीड एका बाजूला पार बाहेर, जवळजवळ काटकोनात उघडलेलं असतं. त्याची खालची कड ज्या आडव्या दांड्यावर ताणलेली असते तो बूम. आता सुकाणू धरणाऱ्याने होडीची मागची बाजू वाऱ्यातून पलीकडे वळवली की वारा शिडाला दुसऱ्या अंगाने धरतो आणि डावीकडचा बूम उजवीकडे जातो. वाटेत जे असेल ते सोबत नेतो. या क्रियेला जाइब म्हणतात. होडीची पुढची बाजू वाऱ्यातून वळवली तर तो टॅक. टॅकमध्ये शीड आधी फडफडतं, त्यातला जोर जातो आणि बूम जरा सभ्यपणे सरकतो. जाइबमध्ये मात्र वारा एका अंगाने सुटतो न सुटतो तोच दुसऱ्या अंगाने धरतो, त्यामुळे सभ्यपणाला वेळच मिळत नाही.

आता शुद्धलेखन. ब्रिटिश पुस्तकांत हा शब्द जी-वाय-बी-ई असा असतो, अमेरिकन पुस्तकांत जे-आय-बी-ई. पण जे-आय-बी-ईचा अमेरिकेत आणखी एक अर्थ आहे : मेळ बसणं, जसा दोन हिशेबांचा बसतो किंवा बसत नाही. शिवाय जी-आय-बी-ई म्हणजे टोमणा, आणि शब्दकोश तोही 'जे'ने लिहायला परवानगी देतात. म्हणजे वळण, मेळ आणि टोमणा अशी तीन बिऱ्हाडं, आणि उच्चार एकच. इंग्रज माणूस म्हणेल की स्पेलिंगवरून कळतं. भर समुद्रात स्पेलिंग सांगून ओरडणारा कप्तान माझ्या तरी ऐकिवात नाही. देवनागरी त्या मानाने प्रामाणिक. कानाला जे मिळतं तेच ती लिहिते, जाइब, जाइब आणि जाइब, आणि बाकीचं नशिबावर सोडते.

खरी गोम चौथ्या शब्दात आहे. जे-आय-व्ही-ई, म्हणजे जाइव्ह. हा नाच. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या जॅझवाल्यांच्या बोलीलाही जाइव्हच म्हणत. कॅब कॅलोवे या गायकाने १९३८ मध्ये त्या बोलीचा चक्क शब्दकोश काढला होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांबरोबर हा नाच इंग्लंडात पोहोचला, आणि आज तो स्पर्धांमधल्या पाच लॅटिन नाचांपैकी एक आहे. हिशेबाचा मेळ बसत नाही हे सांगताना अमेरिकन लोकही 'जाइब'ऐवजी 'जाइव्ह' म्हणून जातात आणि भाषेचे मास्तर त्यांच्यावर डाफरतात. तेव्हा न्यूनगंड नको.

घोटाळ्याचा सर्वाधिक धोका गोव्यात. पणजीजवळ आयएनएस मांडवीवर नौदलाच्या सागरी शिडनौकांचा तळ आहे. पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या 'म्हादेई' आणि 'तारिणी' गोव्यातच, दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधल्या गेल्या. आणि त्याच गोव्यात लग्नाच्या मांडवात बँडने सूर धरला की आजीसुद्धा खुर्ची सोडून जाइव्ह करते. सकाळी एक शब्द, संध्याकाळी दुसरा. अशा ठिकाणी शिकाऊ माणसाने काय करावं?

त्याने अक्षराकडे पाहावं. 'ष'ला आपण पोटफोड्या म्हणतो, मग 'ब' काय वेगळा आहे? 'व'च्या पोटातून तिरकी रेघ ओढली की 'ब' होतो, आणि बूमही होडीच्या पोटावरून असाच आडवा जातो. रेघ असेल तर खाली वाका, नसेल तर नाचा. याहून सोपी खूण मला इंग्रजी पुस्तकांत सापडलेली नाही, आणि सापडणारही नाही, कारण त्यांच्या 'बी'ला दोन पोटं.

आदेशाचाही सराव हवा. अमेरिकन कप्तान 'जाइब हो!' असं ओरडतो. मराठी कानाला हे 'चला हो, पानं वाढलीत' या चालीवरचं वाटतं. उठून उभं राहू नये.

रीतसर जाइबमध्ये आधी मेनशीट ओढून बूम मधोमध आणतात, मग वळतात, मग हळूच सैल सोडतात. (मेनशीट म्हणजे कापड नव्हे, दोर. त्यावर वेगळी मार्गदर्शिका काढावी लागेल.) न सांगता होणारा जाइब ही मात्र गंमत नाही. मार्च २०१८ मध्ये व्होल्वो ओशन रेस चालू असताना, केप हॉर्नच्या पश्चिमेला सुमारे १,४०० सागरी मैलांवर, अशाच एका अवचित जाइबमध्ये मेनशीटचा तडाखा बसून जॉन फिशर हे अनुभवी खलाशी समुद्रात फेकले गेले. ते सापडले नाहीत. म्हणून वारा मागून असला की लांब पल्ल्याच्या होड्या बूमला पुढच्या बाजूने एक दोर बांधून ठेवतात. त्याला प्रिव्हेंटर म्हणतात, आणि या नावात कसलाही घोळ नाही.

पूर्वी अरबी समुद्रात ये-जा करणाऱ्या गलबतांना ही चिंता कमी. त्यांचं शीड तिरक्या काठीवरून लोंबायचं, खालच्या कडेला दांडा नसायचा. तेही बहुधा मागची बाजू वाऱ्यातून नेऊनच वळत, पण ती अवजड काठी डोलकाठीच्या पलीकडे न्यायला सगळे खलाशी हाताशी लागत, त्यामुळे कोणी बेसावध राहण्याचा प्रश्नच नव्हता. त्यातल्या एका अरबी जातीच्या गलबताला बूम म्हणतात. बूमला बूम नसतो, एवढं लक्षात ठेवून पुढे चला.

स्वाध्याय

१. कप्तान तुमच्या बुटांकडे पाहून काहीतरी बोलला आणि बाकीचे हसले. हा कोणता जाइब?

२. अमेरिकन कप्तान एकदा नकाशाकडे, एकदा जीपीएसकडे पाहतो आणि 'दीज डोन्ट जाइब' असं पुटपुटतो. अर्थ सांगा.

उत्तरे : १. जी-आय-बी-ई. तरीही खाली वाका. २. नकाशा आणि जीपीएस यांचा मेळ बसत नाही. खाली वाका, आणि लाइफजॅकेटचा पट्टा तपासा.