स्टँडवाले नाना

नाशकात हात बघणाऱ्यांना तोटा नाही. स्टँडवाले नानाही हात बघतात, पण गल्ल्यावरच्या माणसाचा, आणि तोही बिल करताना. स्कॅनर कुठल्या हातात धरता, दुसऱ्या हातात काय असतं, बटण कुठल्या बोटानं दाबता, हे पाहिल्याशिवाय ते स्कॅनरच्या स्टँडांनी भरलेल्या पिशवीची चेन उघडत नाहीत. दुकानदार घाईत असतो. "नाना, भाव सांगा ना." नाना म्हणतात, "तुम्ही बिलं करा. मी इथं नाहीच असं समजा." आणि काउंटरला टेकून असे उभे राहतात की ते इथं आहेत हे गिऱ्हाइकांनासुद्धा विसरता येत नाही.

नानांचं जगाविरुद्ध गाऱ्हाणं एकच. माणसं बारकोड स्कॅनरला हजारो रुपये मोजतात आणि तो ठेवायच्या वस्तूला 'सोबत फ्री द्या' म्हणतात. मग ते महागाचं मशीन सुट्ट्या पैशांच्या डब्यात तोंड खुपसून पडतं, नाहीतर वायरीला लोंबकळतं. स्कॅनर पडून फुटला असं कुणी म्हणालं की नाना लगेच दुरुस्ती करतात, "पडला नाही. ठेवला नव्हता."

मेन रोडच्या एका साडीच्या दुकानात त्यांनी स्टँड विकायला चक्क नकार दिला. शेठला हवा होता वळत्या मानेचा, चकचकीत गूजनेक, शेजारच्या किराणावाल्याकडे आहे तसा. नाना म्हणाले, "शेठ, बिस्किटाचा पुडा मशीनपाशी जातो. पैठणी नाही जात. तिचा टॅग घडीच्या आत, मशीनलाच तिच्याकडे जावं लागतं." आणि टेबलाच्या कडेला स्क्रूनं बसवायचा साधा हूक देऊन मोकळे झाले. एवढ्या स्वस्तात सुटल्याचं दुःख व्यापाऱ्यालाही होतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

किराणावाल्याची तऱ्हा निराळी. त्याचा स्कॅनर स्टँडवर ठेवला की बटण न दाबता आपोआप वाचू लागतो, दोन्ही हात मोकळे. पण त्यानं समोरच अगरबत्तीच्या पुड्यांची चळत रचली होती. दर दोन गिऱ्हाइकांमागे एकाच्या बिलात अगरबत्ती चढायची. विक्री बरी दिसत होती म्हणून त्यानं बरेच दिवस तक्रार केली नाही, असा नानांचा आरोप आहे. नानांनी स्कॅनरची मान खाली वाकवली आणि परिसरातली भक्ती एकदम कमी झाली.

गोळे कॉलनीत, म्हणजे औषधांच्या घाऊक बाजारात, नानांचा जप 'तिरकं, तिरकं' असा चालतो. गोळ्यांच्या चकचकीत पाकिटावर उजेड सरळ पडला की तो उलटून स्कॅनरलाच दिपवतो, म्हणून स्टँड थोडा कलता हवा. ऑगस्ट 2023 पासून औषधांच्या 300 ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. जुन्या लेझर स्कॅनरला फक्त रेघा कळतात, चौकोन कळत नाही. दुकानदारांनी नवे घेतले, तर त्यांचं बूड जुन्या स्टँडात बसेना. नानांची दिवाळी त्या वर्षी अधिक श्रावणातच आली.

अंबडच्या एका गोदामात फोर्कलिफ्टवर गूजनेक लावलेला पाहून मात्र ते हळहळले. फरशीचा प्रत्येक सांधा ओलांडताना ती मान होकार देत होती. "इथं खांबाला क्लॅम्प पाहिजे हो, ह्याला कसले लाड!" शीतगृहात तर ते डबल टेपचं नाव काढू देत नाहीत, गारठ्यात तिची चिकाटी जाते, आणि जाड हातमोजा घातलेल्या हाताला रुंद तोंडाचा होल्डरच लागतो.

नानांना इतिहासही येतो. 26 जून 1974 रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी दुकानात पहिल्यांदा बारकोड वाचला गेला, तो च्युइंगमच्या पाकिटावरचा. "तिथं मशीन टेबलातच बसवलेलं होतं," नाना सांगतात. "पुढं ते हातात दिलं आणि माणूस बिघडला." बारकोड 890 नं सुरू झाला म्हणजे माल भारतातला, असं त्यांच्यासमोर बोलू नये. तो आकडा नोंदणी कुठली ते सांगतो, माल कुठला ते नाही. आणि नानांचं हे सांगणं चहा गार होईपर्यंत चालतं.

गेल्या हंगामात ते पिंपळगावकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये गेले. परदेशी जाणाऱ्या पेट्यांवर लेबलं, लेबलांवर बारकोड, टोप्या-हातमोजे घातलेल्या बाया रांगेनं उभ्या. नानांनी पिशवीची चेन अर्धी उघडली आणि तशीच ठेवली. टेबलावरच्या पाइपाला इलॅस्टिक बांधून स्कॅनर टांगलेला होता. त्यातल्या एका ताईंनी तो खाली ओढला, पेटी वाचली, सोडून दिला. तो आपला वर जाऊन बसला. कलही बरोबर होता.

"हे कुणी बसवलं, ताई?"

"बसवायचं काय त्यात, नाना? परकराचं इलॅस्टिक आहे."

नानांनी पाइपापासून टेबलापर्यंतचं अंतर वितीनं मोजलं, दोनदा ओढून पाहिलं आणि कधी नव्हे ते काही न बोलता निघाले. परवा सातपूरच्या एका कारखान्यात ते मॅनेजरला तेच ओढून दाखवत होते. "ओव्हरहेड मॉडेल, साहेब. एक्स्पोर्टवाले हेच वापरतात. जीएसटी वेगळा."