मुटका मारण्यास मनाई

मोडनिंबच्या माणसाला समुद्राची सवय नाही, यात त्याचा काही दोष नाही. आमचं गाव माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर हायवेला चिकटलेलं. पाणी म्हणजे उजनीचं, तेही कॅनॉलला सुटलं तर. बोट म्हणजे पंढरपुरातली चंद्रभागेची होडी. तिच्यातून विष्णुपदाला जाऊन आलं की आमचा जलप्रवास संपतो. अशा गावातल्या चौघांना मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं मिळाली, कारण आमच्या थोरल्या दाजींच्या कृषी सेवा केंद्राने एका खत कंपनीचं टारगेट पुरं केलं. त्याआधी कंपनीने डीलर मंडळींना बँकॉकला नेलं होतं. त्या सहलीचे फोटो घरोघरी पोचल्यावर कंपनीवर असा काही दबाव आला, की यंदाच्या पत्रात 'सहकुटुंब' हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला होता.

सहकुटुंब म्हणजे दाजी, आमची अक्का, दाजींची आई आणि इंग्रजी बोलायला मी. दाजींची आई ही माझी सख्खी आत्या. आमच्याकडची नाती अशीच दुपदरी विणलेली असतात. आत्याने पहिला प्रश्न केला, "कुठल्या देवाला निघालाव?"

"देव न्हाई, आई. बोटीवर बसायचं, हवा खायची, माघारी यायचं."

"हवा खायाला ममईला? माळवदावर जा की."

दाजी गप्प झाले. मी कंपनीचं माहितीपत्रक चाळलं. त्यात 'पूल डेक', 'सन डेक', 'ओपन डेक' अशी मजल्यामजल्यावरची हवा रंगीत फोटोंसह दिली होती. पण माळवदावर का जाऊ नये, याचा खुलासा नव्हता.

कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी मुंबई, बॅलार्ड पिअरला तपासणीची रांग. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हटल्यावर आत्याने कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी रांगेतच वाटून टाकली. तेवढ्यावर लातूरचे दोन डीलर आमचे सोयरे झाले.

आमची खोली जहाजाच्या पोटात होती. अशा खोल्यांना खिडकी नसते, म्हणून त्या स्वस्त. अक्काने दार उघडून आत पाहिलं आणि विचारलं, "पिशव्या हितं ठेवायच्या, ते कळलं. माणसांनी राहायचं कुठं?"

क्रूझच्या सगळ्या धंद्याचं गुपित तिने उंबऱ्यावरच फोडलं. माणसांनी राहायचं डेकवर. खाली खोल्या जितक्या दाटीने बसवाव्यात, तितकं वर आभाळ मोकळं दाखवावं लागतं. आता तर या आभाळाची चढाओढ लागली आहे. 2009 साली निघालेल्या 'ओअॅसिस ऑफ द सीज'च्या मधोमध तर उघड्यावर बाग आहे, बारा हजार झाडाझुडपांची. हे ऐकून दाजींनी त्या बागेला खत कोण पुरवतं, एवढंच विचारलं.

आम्ही वर गेलो. लांबट खुर्च्यांची रांगच्या रांग, पाय पसरून पडायच्या. पैकी निम्म्या खुर्च्यांवर माणूस नव्हता. टॉवेल होता, चप्पल होती, एका खुर्चीवर तर नुसता चष्मा पहुडला होता. जगभर क्रूझवर हाच खेळ चालतो म्हणे. लोक न्याहारीआधी येऊन खुर्ची धरतात आणि उगवतात दुपारी. त्यापायी काही कंपन्यांना नियम करावा लागला, की अर्ध्यापाऊण तासात धनी आला नाही तर वरचं सामान उचलायचं. पूर्वी अटलांटिकच्या बोटींवर हा तंटा पैशाने मिटवलेला होता. टायटॅनिकवर डेकखुर्चीचं भाडं सबंध सफरीला चार शिलिंग. पण एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकत लहानाचा मोठा झालेला माणूस भाडं भरत नसतो. दाजींनी पिशवीतून सोलापुरी चादर काढली आणि एका झटक्यात तीन खुर्च्या झाकल्या. कुठल्याही टॉवेलला हे जमणारं नाही.

पांढऱ्या कपड्यांतला एक पोरगा लगबगीने आला आणि चादरीला हात घालणार, एवढ्यात आत्या मधल्या खुर्चीवर मांडी घालून बसली. "घे आता." तो हसला आणि आम्हाला जहाजाचे टॉवेल देऊन गेला. दाजींनी टॉवेल अंगाला लावलाच नाही. कडेची शिवण उलटी करून पाहिली, सूत चिमटीत धरून ओढलं, वजन हातावर तोललं. त्यांचे मामा सोलापुरात यंत्रमागावर होते, त्यामुळे टॉवेलच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत. "पाव्हणं, माल आपलाच दिसतोय," ते म्हणाले. लेबल धुण्यात गेलं होतं, तरी त्यांनी तो टॉवेल पुढे प्रत्येक डीलरला नेऊन दाखवला.

दुपारी एक गोष्ट ध्यानात आली. हे डेक गोऱ्या माणसाने आपल्या उन्हासाठी आखलेले असतात. त्याच्याकडे ऊन नवसाने मिळतं. मिळालं की तो कपडे उतरवून त्यात पडतो. आपल्याकडे ऊन हे उधारीच्या वसुलीसारखं, टळलं तर बरं. त्यामुळे ऐन उन्हातल्या उत्तम खुर्च्या मोकळ्या आणि लाइफबोटींखालच्या चार हात सावलीत सगळा महाराष्ट्र दाटीवाटीने उभा, असं चित्र होतं. चष्मा पहुडलेली खुर्चीही शेवटपर्यंत तशीच राहिली. सूर्य कलला तेव्हा मात्र पाय ठेवायला जागा उरली नाही. आपल्याकडच्या जहाजांनी सन डेकची पाटी काढून 'सावली डेक' अशी लावली, तर धंदा दुप्पट होईल, असं माझं मत आहे. कुणी विचारलेलं नाही.

आता पोहण्याच्या तलावाबद्दल. आमच्याकडे पोरगं पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकलतात. दोनचार उन्हाळ्यांत ते थारोळ्यावरून मुटका मारायला लागतं. मुटका म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन, अंगाचं गाठोडं करून मारलेली उडी. पाणी काठावरच्या माणसांपर्यंत उडालं पाहिजे, नाहीतर तो मोजत नाहीत. दाजींनी बनियन काढली, अर्ध्या चड्डीची नाडी आवळली आणि मागे सरून पळत यायची तयारी केली. तेवढ्यात शिट्टी वाजली. पाणी छातीइतकं होतं. उडी मारायला मनाई, नाडीच्या चड्डीलाही मनाई.

"मग ह्यात करायचं काय?"

"नुसतं उभं राहायचं," मी म्हणालो.

समोर खरोखरच पंधरावीस माणसं छातीइतक्या पाण्यात नुसती उभी होती. जहाज डुललं की तलावातलं पाणी एका काठाकडे चढायचं आणि सगळी मंडळी चार पावलं तिकडे सरकायची, मग परत. समुद्र खवळला तर तलाव रिकामा करून त्यावर जाळी टाकतात, हे ऐकल्यावर दाजींना आपल्या विहिरीची फार आठवण झाली.

वर धुरांड्याभोवती चालायची वाट आखलेली होती. 'क्वीन मेरी 2' या बोटीवर डेकला तीन फेऱ्या मारल्या की पावणेदोन किलोमीटर भरतात. आमच्या वाटेला तेवढी ऐपत नव्हती. आत्याने गोल वाट आणि मधोमध उभं असलेलं काहीतरी उंच पाहिलं आणि तिचा प्रवास एकदम मार्गी लागला. धुरांडं उजव्या हाताला ठेवून, पदर डोक्यावर घेऊन ती निघाली. पंचाईत एवढीच, की वाटेवरचा बाण उलट्या दिशेचा होता. कानात बोंडं घालून पळणारी तरुण पोरं तिच्या अंगावर यायची आणि ती त्यांना थांबवून "ल्येकरा, उलटं जाऊ न्हाई" म्हणून सांगायची. अंधार पडेपर्यंत निम्मी पोरं तिच्या दिशेने पळत होती.

रात्री दाजींना बोट लागली. बंद खोलीत पोट आणि डोळे यांचं जुळत नाही; डेकवर येऊन मधल्या भागात बसावं, क्षितिजाकडे पाहावं, हा त्यावरचा जुना उपाय. म्हणून आम्ही वळकटी घेऊन वर आलो, आणि चादर अंगाखाली घेऊन पडल्यावर माझ्या डोक्यात आलं, की हे तर जुनंच तिकीट! कोकणच्या बोटी चालू होत्या त्या काळी केबिन परवडणारे थोडेच. बाकीचे सगळे चटया, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, रडणारी पोरं यांच्यासकट डेकवर. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण. बंदर आलं, की बऱ्याच ठिकाणी भर समुद्रात पडावात उतरायचं. ज्याला खोली परवडत नाही, त्याची जागा डेक. त्या बोटी गेल्या. मग 2018 साली कान्होजी आंग्र्यांची आठवण ठेवणारी 'आंग्रिया' मुंबई-गोवा मार्गावर आली, तेव्हा तिच्या डेकवर तरणतलाव होता. आता डेकसाठी खोलीचे पैसे भरायचे, आणि झोपायला परत डेकवर यायचं!

दाजी सावरले. लातूरचे सोयरे आले, नांदेडचे आले, चादरीवर कोंडाळं जमलं. वर चांदण्या, चारी बाजूंनी अरबी समुद्र, जहाज ताशी तीसेक किलोमीटरने निघालेलं. त्याचाच वारा एवढा, की एका डीलरची टोपी कठड्यावरून उडून गेली. चर्चा मात्र डाळिंबावरच्या तेल्या रोगाची आणि उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांची. कंपनीचा अधिकारी दोनदा येऊन 'रिलॅक्स व्हा' सांगून गेला. तो गेला की विषय जिथे तुटला तिथून पुढे सुरू व्हायचा. आत्या केव्हाच झोपली होती. तिला उठवून खाली नेण्याचा प्रयत्न त्या पांढऱ्या कपड्यांतल्या पोराने एकदा केला. तिने डोळे न उघडता त्याला पायाशी बसायला जागा करून दिली.

गोवा पाहिला. ऊन होतं.

उतरायच्या दिवशी अभिप्रायाचे कागद आले. 'डेकवरील विश्रांतीच्या सोयींबाबत सूचना' या रकान्यापाशी दाजी बराच वेळ थांबले. मग माझ्याकडून पेन घेऊन त्यांनी लिहिलं, 'खुर्च्या कमी करून काथ्याच्या बाजा ठेवाव्यात. एका बाजेत चौघं बसतात. आमच्याकडे योग्य दरात मिळतील.' आणि खिशातला दुकानाचा शिक्का काढून, त्यावर दोनदा तोंडाची वाफ सोडून, खाली नीट उमटवला.