कानसेनांच्या डोक्याला ताप

सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन आला १९९७ साली. रोध ३०० ओहम, म्हणजे साध्या मोबाइलवर तो जेमतेम कुजबुजतो; अ‍ॅम्प्लिफायर आलाच. नवा असताना पकड अशी, की कानशिलं आवळून निघावीत. मग रसिक त्याला रात्रभर पुस्तकांच्या चळतीवर ताणून ठेवतात. पुस्तकांचा तेवढा तरी उपयोग! ऑडिझीच्या एलसीडी-२ मध्ये म्हणे तंबोऱ्याचा खर्ज अंगावर येतो, पण अर्ध्या किलोहून जड ऐवज डोक्यावर घेतल्यावर ख्याल द्रुतात शिरायच्या आत मान मोडून येते. शिवाय दोन्ही उघड्या पाठीचे, त्यामुळे एकाचा छंद अख्ख्या घराला ऐकू येतो. बायको विचारते, "अहो, गाणं कुठलं हे?"

"गाण्याकडे काय लक्ष देतेस? मागची झांज ऐक!"