मेथी: नवशिक्यांसाठी प्रवेशिका, सल्लागारांसह

मेथी घरात आणण्यापूर्वी घरात माणसं किती ते मोजावं. खाणारे किती हा प्रश्न नंतरचा, निवडणारे किती हा आधीचा.

पहिली जुडी थंडीत घ्यावी. मार्गशीर्ष-पौषात ती स्वस्त आणि कोवळी असते. भर पावसात घेतली तर मेथीच्या भावात चिखल पडतो. देठ मोडून बघावा. कट्‌कन मोडला तर घ्यावी, नुसता लवला आणि सालीला लोंबत राहिला तर ‘येताना घेते’ म्हणून पुढे सरकावं. जुडीचा दोरा सोडायला भाजीवाली मावशी परवानगी देत नाही, त्यामुळे हा सगळा तपास वरवरच्या दोन काड्यांवर उरकायचा असतो. मुंबईत टोपलीच्या कडेने मांडलेल्या, बोटभर उंचीच्या, पांढऱ्या देठांच्या इवल्या जुड्याही दिसतील. ही समुद्रमेथी, वाळूत वाढवलेली. हिला निवडणं नाही, मुळं तेवढी कापायची. आळशी माणसाला हा साक्षात प्रसाद वाटतो, धुवायला घेईपर्यंत.

धुण्याचा नियम एकच. मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात पाला बुडवावा, हलवावा आणि हातांनी वर उचलून घ्यावा. पातेलं चाळणीवर पालथं करणारा गृहस्थ तळाशी बसलेली वाळू पुन्हा पाल्यावर ओतत असतो आणि जेवताना दाताखाली कचकच आली की बाजाराला शिव्या देतो. तळ स्वच्छ दिसेपर्यंत पाणी बदलत राहावं. चिरण्याआधी, नंतर नाही.

निवडणं हे मात्र शास्त्र नसून संप्रदाय आहे. एका पंथात फक्त पानं घेतात, दुसऱ्यात कोवळे देठ चालतात, तिसऱ्यात मुळं सोडून सगळं कढईत जातं आणि त्याला ‘त्यातच तर सत्त्व असतं’ असा आधार दिला जातो. ज्याच्या घरी जेवायचं त्याचा पंथ पाळावा. वर्तमानपत्र पसरून एकट्याने बसलं तर जुडीला पंधरा मिनिटं लागतात, दोघांनी मिळून बसलं तर अर्धा तास. तिसरं माणूस नात्यातलं असेल तर संध्याकाळच्या जेवणाला पर्याय शोधून ठेवावा.

आता कढई. तेलात मोहरी, भरपूर ठेचलेला लसूण, सुकी मिरची, हवा तर कांदा, तासभर भिजवलेली मूगडाळ आणि मग पाला. पाल्याचा डोंगर बघून घाबरू नये, दहा मिनिटांत त्याची टेकडी होते आणि ताटात वारूळ येतं. म्हणूनच मीठ शेवटी. डोंगराच्या हिशेबाने घातलेलं मीठ वारुळाला सोसत नाही. झाकण ठेवू नये, पाला काळवंडतो.

याच सुमारास स्वयंपाकघरात पहिला सल्लागार प्रवेश करतो. मेथीचा कडूपणा घालवायचा उपाय त्याच्याकडे असतोच: मीठ चोळून पिळ, उकळून पाणी टाक, चिमूटभर साखर घाल. त्याला आदराने पाणी विचारावं आणि यातलं काही करू नये. पिळलेल्या पाण्याबरोबर चवही मोरीत जाते. ज्याला कडू अजिबात नको, त्याच्यासाठी देवाने कोबी निर्माण केला आहे. मेथीला सोबत लागते ती डाळीची, दाण्याच्या कुटाची, भाकरीची. वऱ्हाड-खानदेशात तर लोक ती शिजवायच्याही भानगडीत पडत नाहीत. कच्चा पाला, कांदा, कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल घातलं की घोळाणा तयार. या प्रवेशिकेच्या मते मेथीचा तोच सर्वोत्तम प्रकार आहे. मतभेद असणाऱ्यांनी आधी ज्वारीची भाकरी थापून दाखवावी.

दाण्यांचा अभ्यासक्रम वरच्या इयत्तेचा. कढीच्या किंवा आमटीच्या फोडणीत मेथीदाणे मोजून घालावेत, अगदी पाच-सात. तांबूस झाले की लगेच पुढचा जिन्नस. काळे झाले तर फोडणी टाकून नवी करावी. ‘चालतंय’ म्हणणारा माणूस ती आमटी स्वतः खाणार नसतो.

मेथीचे लाडू नवशिक्यांनी करू नयेत, फक्त बघावेत. मेथीचं पीठ तुपात आठवडाभर भिजत ठेवतात, मग भाजलेली कणीक, तळलेला डिंक, खारीक, खोबरं, सुंठ आणि गूळ. बाळंतिणीने रोज सकाळी एक खायचा, कंबरेसाठी आणि दुधासाठी. दूध मेथीनेच वाढतं याचा भक्कम पुरावा अजून मिळालेला नाही. पण लाडवाबरोबर कुणीतरी बाळाला तासभर धरतं आणि आईला झोपायला मिळतं, त्याचं श्रेय मेथीला जात असेल तर जाऊ द्यावं.

आणि अखेर औषध. इथे सल्लागारांची संख्या एकदम वाढते. मधुमेहाचं नाव निघताच जिन्यात, रिक्षात, लग्नाच्या पंगतीत ‘रात्री चमचाभर दाणे भिजत घाला, सकाळी पाण्यासकट घ्या’ हे ऐकू येईल. यात तथ्य नाही असं नाही. दाण्यातला बुळबुळीत, विरघळणारा तंतू साखर रक्तात उतरण्याचा वेग कमी करतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी १९९० मध्ये टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्याही रक्तातली साखर उतरली होती, पण त्यांना दिवसाला १०० ग्रॅम तेल काढलेली मेथीपूड दोन्ही जेवणांत वाटून दिली होती. जिन्यातल्या काकांचा चमचा जेमतेम चार-पाच ग्रॅमचा. तो घ्यायला हरकत नाही, मात्र त्याच्या भरवशावर गोळी बंद करू नये. उलट गोळी चालू असताना मेथीचा मारा केला तर साखर नको इतकी खाली येऊ शकते. रक्त पातळ करणारं औषध चालू असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी औषधी मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. भाजी आणि फोडणीपुरती भीती नाही, अॅलर्जीवाल्यांनी मात्र तिथेही जपून.

एक परिणाम मात्र खात्रीचा: वास. दाण्यात सोटोलॉन नावाचं द्रव्य असतं, ते घामातून आणि लघवीतून बाहेर पडतं आणि मेपल सिरपसारखा गोडसर, काकवीच्या जवळचा वास येतो. आईने भरपूर मेथी खाल्ली तर नवजात बाळालाही तो येतो. याच वासाचा एक गंभीर जन्मजात आजार असल्यामुळे डॉक्टर दचकू शकतात, तेव्हा लाडवांचा आकडा त्यांच्यापासून लपवू नये. न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून अधूनमधून अख्ख्या वस्त्यांवर हा गोड वास पसरायचा आणि लोक घाबरून फोन करायचे. फेब्रुवारी २००९ मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी उलगडा जाहीर केला: नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या सुगंधद्रव्यांच्या कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया होत होती. बाळंतिणीच्या खोलीत चार दिवस राहिलेल्या कुठल्याही मावशीने तो पहिल्या दिवशीच ओळखला असता.

शेवटचा उपयोग केसांसाठी. रात्री भिजवलेले दाणे सकाळी वाटून डोक्याला लावावेत, अर्ध्या तासाने धुवावेत. केस गळायचे थांबतात असं सांगणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यावर मुळात भरपूर केस असतात. मऊ मात्र होतात. लेप निघायला भाजीच्या वाळूपेक्षा जास्त पाणी लागतं आणि दाण्याची सालं दुपारपर्यंत कंगव्यात सापडत राहतात. नळाचं पाणी सात वाजता जात असेल तर पावणेसातला लेप लावू नये.