रा. रा. ट्रान्समिशन कूलर यांस अनावृत पत्र

रा. रा. ट्रान्समिशन कूलरसाहेब,
मु. रेडिएटरच्या पुढ्यात, बंपरच्या मागे

सा. न. वि. वि.

आपली कीर्ती पाचाडपर्यंत पोहोचली आहे. पिकअप आणि मोठ्या एसयूव्हीचे हौशी मालक रात्री मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात. तिथे बोट नाहीतर घोड्यांचा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या तोंडावर आपण विराजमान असता. मग इथल्या मालकालाही वाटू लागतं, की महाड ते पाचाड हे चोवीस-पंचवीस किलोमीटर आपल्याशिवाय पार पडायचे कसे? बेत एवढाच, की जिजाऊंच्या समाधीचं दर्शन घ्यायचं आणि हिरकणीवाडीच्या रोपवेत बसायचं. ओढायला मागे काहीच नसतं. तरी साहेब हवेत.

आपल्या कर्तबगारीबद्दल कोणाला शंका नाही. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाचा जोर गिअरपर्यंत पोहोचवायचं काम टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल करतं. सपाट रस्त्यावर गाडीनं वेग धरला की आतला लॉक-अप क्लच बसतो आणि तेलाला उसंत मिळते. मागे वजन, समोर चढ आणि वेग कमी असला की लॉक सुटतो, तेल नुसतं घुसळलं जातं आणि इंजिनाची बरीच मेहनत तेल तापवण्यात जाते. 80-90 अंश सेल्सिअसला हे तेल सुखात असतं. 120 च्या पुढे ते भराभर काळं पडतं, जळका वास सुटतो, क्लचच्या प्लेटा घसरू लागतात. तिथे हे तेल गार करणारे आपण तारणहार.

पण महाड-पोलादपूरकडे खरं ओझं वाहतं कोण? महाड एमआयडीसीतले केमिकलचे टँकर, खडीचे डंपर, चिऱ्याचे ट्रक, आणि बंद पडलेल्या गाडीला टोचन लावून नेणारी क्रेन. यांतल्या बहुतेकांचा गिअर आजही ड्रायव्हरच्या डाव्या हाताखाली असतो. टॉर्क कन्व्हर्टरच नाही, तर आपण गार करणार काय? लहान गाड्यांत 2014 साली सेलेरिओपासून एएमटी आली, तिचीही तीच गत. आत साधा क्लच, तो दाबायला पायाऐवजी यंत्र. चढावर अर्धा क्लच धरून गाडी तोलली तर प्लेट जळते, आणि ती विझवणं आपल्या अखत्यारीत येत नाही.

त्यातून सरकारनंही आपल्या पोटावर पाय दिला. पोलादपूर आणि खेडच्या मधला कशेडी घाट म्हणजे गाड्यांची सत्त्वपरीक्षा. 2023 च्या गणेशोत्सवाला तिथल्या सुमारे दोन किलोमीटरच्या जोडबोगद्यांपैकी एक खुला झाला आणि चाकरमान्यांचा चढच संपला.

राहिला महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट. महाबळेश्वर 1,300 मीटरहून उंच, पोलादपूर जवळजवळ समुद्राच्या पातळीला. दहा टनांचं वाहन 1,200 मीटर खाली उतरतं तेव्हा सुमारे 33 युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. साडेतीनशे लिटर पाणी उकळेल एवढी ही आच. ती जाते कुठे? इंजिन ब्रेक वापरला तर बरीचशी इंजिनात, नाही वापरला तर जवळजवळ सगळी ब्रेक लायनरमध्ये. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुन्या ड्रायव्हरांना तोंडपाठ असतं. तरीही चार थेंब डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे महाभाग आहेतच. त्यांच्या गाडीला पुढून आपण, मागून आपण, दोन्ही बाजूंनी आपण बसलात तरी ब्रेक तापायचे थांबणार नाहीत.

तरी कोणी आपल्याला बसवणारच असेल, तर निदान मानानं बसवावं. रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून लटकवलं तर हादऱ्यांनी घासून जाळीच फुटते, म्हणून पक्क्या ब्रॅकेटवर बसवावं. नळी गिअर ऑइलची उष्णता आणि दाब सोसणारीच हवी. पाण्याचा पाइप तिथे टिकत नाही. तेल आधी रेडिएटरमधल्या कंपनीच्या कूलरमधून, मग आपल्यातून आणि तिथून गिअरबॉक्सकडे परत, असा क्रम ठेवावा. आपल्या पोटात जादा तेल मावतं, म्हणून काम झाल्यावर कंपनीनं सांगितलेल्या तापमानाला पातळी पुन्हा बघावी. आणि रेडिएटरमधला तो जुना कूलर आतून फुटला, तर लाल तेल आणि कूलंट मिळून टाकीत सोलकढी तयार होते. कोकण असलं म्हणून काय झालं, ही गिअरबॉक्सला पाजू नये. त्या पाण्यानं क्लचचं अस्तर सुटतं.

आता आपल्या हातात नसलेली एक गोष्ट. ऑटोमॅटिक गाडी पाचाडच्या रस्त्यात बंद पडते, चार भले लोक धावतात, कोणीतरी साखळी आणतो आणि टोचन लावून वरात महाडकडे निघते. मागच्या गाडीचं इंजिन बंद, म्हणजे त्यावर चालणारा गिअरबॉक्सचा पंपही बंद. चाकं मात्र आतले गिअर फिरवत राहतात, तेलाशिवाय. आपण पुढे दिमाखात बसलेले, आणि आपल्याकडे तेलाचा थेंब फिरकत नाही. दुरुस्तीचं बिल तिथेच तयार होतं.

कळावे, लोभ आहेच. काम मात्र नाही.

ता. क. हे पत्र कूलरसाहेबांच्या मालकांनीही वाचावं. गाडी ऑटोमॅटिक असेल आणि घाटात बंद पडली, तर साखळीला हात लावू देऊ नका. क्रेनवाल्याला फोन करताना गाडी ऑटोमॅटिक आहे हे आधी सांगा आणि चारही चाकं वर घेणारी गाडीच मागवा.