उणे पावणेसहा टक्के

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. चरबी मात्र युडकिनसाहेबांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2. म्हणजे वजनकाटा आपल्या लोकांची चरबी पोटात घालतो. हे वाचलं आणि माझी झोप उडाली.

तसा मी साताऱ्याचा. दरवर्षी हिल मॅरेथॉनला अख्खं गाव यवतेश्वरचा घाट चढतं, तेव्हा टाळ्या वाजवायला मी नेमाने हजर असतो. कॉलेजात पँट चौतिसची होती, आजही चौतिसचीच आहे. माझ्यात चरबी असणार कुठे?

शोधता शोधता चरबी मोजायचं अमेरिकन आरमाराचं सूत्र सापडलं. हॉजडन आणि बेकेट या दोघांनी 1984 साली खलाशांसाठी काढलेलं. त्याला फक्त टेप लागते. पुरुषांनी पोटाच्या घेरातून गळ्याचा घेर वजा करायचा, त्याचा लॉग घ्यायचा, उंचीचा लॉग घ्यायचा, मग ठरलेले आकडे गुणायचे-मिळवायचे. मला त्यातली मेख लगेच कळली: गळा जितका जाड, तितकी चरबी कमी! कीर्तनकारासारख्या शिरा ताणून गळा मोजला, 16 इंच. मग श्वास रोखून, पट्टा बांधतो तिथे पोट मोजलं. साडेचौतीस. उंची साडेपाच फूट.

मोबाइलवर हिशेब केला. उत्तर आलं उणे 5.7 टक्के.

बायकोला हाक मारली. म्हटलं, शरीरात चरबी नाहीच, उलट मीच कुणाचं तरी देणं लागतो. ती पोळी लाटत होती. म्हणाली, “मग आजपासून तूप दुप्पट वाढू का?” अकरावीतल्या चिरंजीवांनी मोबाइल हातात घेतला. “बाबा, तुम्ही एलएन दाबलंय. लॉग दाबा.” दाबलं. 18.3. तरीही वाईट नाही! आठवडाभर मी शर्ट खोचून फिरलो.

पुढच्या रविवारी मामेभावाच्या लग्नाच्या कपड्यांसाठी सांगलीला गेलो. मामींनी आधी भडंग, मग जेवण, मग पुन्हा भडंग असा बेत ठेवला होता. टेलर घरीच आले. टेप लावताच मी सवयीने श्वास रोखला.

“सोडा श्वास, पावणं.”

“सोडलाय की.”

“आन् पोट? लग्नात चार तास असंच धरून हुबं ऱ्हाणार हाय का?”

सोडलं. मामींनी चहा ठेवता ठेवता मान फिरवली. टेलरमामांनी टेप बेंबीवरून फिरवली आणि सोबतच्या पोराला मोठ्याने आकडा सांगितला, “साडेअडतीस!” गळा पंधरा. मी म्हटलं, पण माझी पँट चौतिसची आहे. “असंल की. पोटाखाली घालता, म्हणून चौतीस. पोट वर ऱ्हातंय, पँट खाली जातीय.”

वीस वर्षं माझी पँट इमानाने खाली सरकत होती आणि मी तिला फिटनेस समजत होतो.

परतीच्या एसटीत पुन्हा हिशेब केला, या वेळी लॉग दाबून. 27.2. सातारा ते सांगली एवढ्याशा प्रवासात नऊ टक्के चरबी वाढलेला माणूस तुमच्या पाहण्यात नसेल. आरमाराच्या सूत्रात तीन-चार टक्क्यांची चूक निघते म्हणे; पण नऊ टक्क्यांची चूक आरमाराची नव्हे, माझी.

तुम्ही मोजणार असाल तर टेप बेंबीवरून फिरवा, श्वास सोडा आणि टेप दुसऱ्याच्या हातात द्या. शक्यतो ज्याला कापड वाया घालवणं परवडत नाही, अशाच्या.